एकटे परदेशात चालले? मग सगळं एका जागी ठेवू नका

पहिले तिकिटाचं बोलू, कारण आपल्या नागपूरकरांची अर्धी गडबड तिथेच होते. सोनेगावच्या विमानतळावरून थेट परदेशात जाणारी विमानं मोजकीच, शारजा आणि दोहा ही त्यातली ओळखीची नावं, बाकी कुठे जायचं तर बहुतेक वेळा मुंबई नाहीतर दिल्ली गाठावी लागते. मग होते काय, मुंबईहून पुढचं तिकीट स्वस्तात दिसलं की लोक ते वेगळं काढतात, नागपूर-मुंबई वेगळं काढतात आणि दोन-तीन हजार वाचले म्हणून खुश होतात. वाचतात, खरं आहे. पण दोन वेगळे पीएनआर, म्हणजे बुकिंग नंबर, असले आणि नागपूरचं विमान तीन तास लेट झालं तर पुढच्या कंपनीला त्याच्याशी काही घेणंदेणं नसते, तुमचं ते तिकीट गेलं समजा. सोबत कोणी असलं तर एक जण रांगेत उभा राहतो, दुसरा फोन लावतो, एकट्याला दोन्ही कामं स्वतःच करावी लागतात आणि बॅगही सांभाळावी लागते. म्हणून पहिल्या खेपेला तरी एकाच पीएनआरवर तिकीट काढा. वेगळंच काढायचं असेल तर आदल्या दिवशी मुंबईला जा, नातेवाईकांकडे झोपा, विदर्भ एक्सप्रेसने जा नाहीतर दुरांतोने जा, पण त्याच दिवशीचा हिशोब बसवू नका. आणि डिसेंबर-जानेवारीत शक्यतो दिल्लीहून जाऊच नका, तिथल्या धुक्यात सकाळची विमानं कधी सुटतील याचा भरवसा नसते.

मुंबईत टर्मिनल एक आणि टर्मिनल दोन हे दोन वेगळ्या ठिकाणी आहेत, एकातून चालत दुसऱ्यात जाता येत नाही, बाहेर पडून वाहनाने जावं लागते. तुमचं नागपूरचं विमान कुठे उतरते ते तिकिटावर आधीच बघून ठेवा. नागपूरच्या काउंटरवर बॅग देताना विचारा, "बॅग कुठपर्यंत टॅग केली?" आणि नुसतं उत्तर ऐकून निघू नका, टॅगवरची तीन अक्षरं वाचा. बँकॉकच्या मोठ्या, सुवर्णभूमी विमानतळावर चालले असाल तर त्याच्यावर बीकेके दिसलं पाहिजे. बीओएम दिसलं तर बॅग मुंबईला पट्ट्यावर येईल आणि तुम्ही ती तिथे उचलली नाही तर ती तिथेच फिरत राहील.

आता नावाचं. हे आपल्या मराठी लोकांसाठी मुद्दाम लिहून राहिली, कारण आपल्याकडे नावात वडिलांचं नाव, लग्नानंतर नवऱ्याचं नाव, आडनाव बदललेलं, अशा दहा भानगडी. माझंच घ्या, पासपोर्टवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. तर तिकीट पासपोर्टवर जसं आहे अगदी तसं काढायचं, मधलं नाव पासपोर्टवर पहिल्या नावाच्या रकान्यात असेल तर तिकिटातही तिथेच टाकायचं, आणि नागपूर-मुंबईच्या विमानालाही ओळखपत्र म्हणून आधार नाही, पासपोर्टच दाखवायचा. कोणाच्या पासपोर्टवर एकच नाव असेल, आडनावाचा रकाना रिकामा, आणि दुबईला जायचं असेल तर आधी पासपोर्ट दुरुस्त करून घ्या, नोव्हेंबर 2022 पासून यूएई, म्हणजे दुबईचा देश, एकाच नावाच्या पासपोर्टवर फिरायला येणाऱ्यांना घेत नाही, पासपोर्टच्या दुसऱ्या पानावर वडिलांचं किंवा घराण्याचं नाव असेल तरच घेते. पासपोर्टची मुदत पोचण्याच्या तारखेपासून पुढे सहा महिने शिल्लक पाहिजे, बरेच देश हे बघतात, आणि हे नागपूरच्या काउंटरवरच बघितल्या जाते, म्हणजे तुम्ही सोनेगावहूनच घरी परत.

एकट्याने जाताना मी एकच गोष्ट पाळते, आणि बाकी सगळं विसरलात तरी चालेल पण एवढी पाळा. कोणतीही कामाची वस्तू एकाच जागी ठेवायची नाही. पैसे दोन जागी, कार्डं दोन जागी, पत्ते दोन जागी, पासपोर्ट एका जागी आणि त्याची झेरॉक्स दुसऱ्या जागी. चार लोकं मिळून गेले की हे आपोआपच होते, कोणाच्या ना कोणाच्या पर्समध्ये पैसे असतात, कोणाचा ना कोणाचा फोन चालू असते. एकट्याला ते स्वतःच करून ठेवावं लागते.

मी हे व्हिएतनामच्या हनोईत शिकली. तिथल्या जुन्या वस्तीत बऱ्याच गल्ल्यांची नावं "हँग" पासून सुरू होतात. हँग म्हणजे माल, आपल्या इतवारीत कशी सराफा ओळी, लोहा ओळी तसंच, जो माल विकल्या जायचा त्याची गल्ली. संध्याकाळी पाऊस आला, मी एका दुकानाच्या पत्र्याखाली उभी राहिली आणि फोन काढला तर बंद, दिवसभर नकाशा आणि फोटो चालू होते ना. हॉटेलचं नाव मला अर्धवट आठवत होतं आणि गल्लीचं नाव फक्त "हँग" एवढंच. अंधार पडला होता, छत्री नव्हती, आणि ज्याला विचारावं त्याला इंग्रजी येत नव्हतं. पर्सच्या आतल्या चेनमध्ये हॉटेलचं कार्ड होतं, सकाळी निघताना रिसेप्शनवरच्या मुलीने स्वतःहून हातात दिलं होतं आणि मी बघितलंही नव्हतं. ते कार्ड एका भाजीवाल्या बाईला दाखवलं, तिने टोपली बाजूला सारली, माझं मनगट धरलं आणि दोन गल्ल्या सोडून हॉटेलच्या दारापर्यंत आणून सोडलं. तेव्हापासून मी जिथे उतरते तिथलं कार्ड सगळ्यात आधी मागून घेते, आणि नागपूरहून निघतानाच एका कागदावर हॉटेलचं नाव-पत्ता त्या देशाच्या लिपीत प्रिंट करून घेते. थायलंड, जपान, चीन, कोरिया, इथे तर हे करायलाच पाहिजे, टॅक्सीवाल्याला इंग्रजी अक्षरं वाचता येतीलच असं नाही.

त्याच कागदावर मागच्या बाजूला घरचे दोन नंबर, तिथल्या भारतीय दूतावासाचा नंबर, इन्शुरन्सचा पॉलिसी नंबर आणि मदतीचा नंबर, आणि त्या देशाचा पोलिसांचा नंबर लिहायचा. युरोपात 112, अमेरिकेत 911, इंग्लंडमध्ये 999, ऑस्ट्रेलियात तीन शून्य, जपानमध्ये पोलीस 110 आणि अँब्युलन्स 119. थायलंडमध्ये टुरिस्ट पोलिसांचा वेगळा नंबर आहे, 1155, तिथे इंग्रजीत बोलता येते.

पासपोर्ट हरवला तर काय, हा प्रश्न मला सगळेच विचारतात. आधी तिथल्या पोलिसात तक्रार, तिची प्रत घ्यायची, मग भारतीय दूतावासात. तातडीने घरी यायचं असेल तर ते इमर्जन्सी सर्टिफिकेट देतात, पण त्याच्यावर फक्त भारतातच परत येता येते, पुढचा देश बघायचा विसरायचा. शिवाय काही देशांत बाहेर पडायला तिथल्या इमिग्रेशनची परवानगी वेगळी घ्यावी लागते. या सगळ्यात जुन्या पासपोर्टच्या पहिल्या-शेवटच्या पानाची झेरॉक्स, व्हिसाची प्रत आणि चार-सहा फोटो जवळ असले तर धावपळ अर्धी होते. झेरॉक्स मोठ्या बॅगेत, स्कॅन ईमेलमध्ये, आणि एक प्रत घरी कोणाकडे तरी. जास्त दिवस राहायला चालले असाल, शिकायला किंवा कामाला, तर दूतावासाच्या साइटवर नाव नोंदवून ठेवा. आणि अडकलात, कोणी ऐकून नाही राहिलं, तर परराष्ट्र मंत्रालयाचं मदद नावाचं पोर्टल आहे, तिथे तक्रार टाकता येते.

व्हिसा आणि फॉर्मचं थोडक्यात सांगते, कारण नियम बदलत राहतात आणि ते त्या देशाच्या सरकारी साइटवर निघायच्या आठवड्यात परत बघायचेच असतात. थायलंडला 1 मे 2025 पासून ऑनलाइन अरायव्हल कार्ड भरावं लागते, सिंगापूरला आणि मलेशियालाही तसंच आहे, पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत भरायचं. हे तिन्ही फुकट आहेत. गुगलवर वरच दिसणाऱ्या भलत्याच साइट त्याचे पैसे घेतात, तिथे कार्डाचा नंबर टाकू नका. युरोपच्या शेंगेन व्हिसाला कमीत कमी 30 हजार युरोचा मेडिकल इन्शुरन्स लागतोच, पण जिथे लागत नाही तिथेही काढा. परदेशात पाय मोडला तर हॉस्पिटलचं बिल लाखात जाते आणि सही करायला शेजारी कोणी नसते. भरती व्हायच्या आधी किंवा झाल्या-झाल्या इन्शुरन्सच्या नंबरवर फोन करायचा, आधी बिल भरून मग मागू असं करू नका.

पैसे. बँकेतून नाहीतर अधिकृत मनी चेंजरकडून डॉलर-युरोच्या नोटा घ्यायच्या, पण थोड्या. नियमाने बहुतेक देशांसाठी एका खेपेला 3 हजार डॉलरपर्यंत नोटा नेता येतात, पण एवढ्या कशाला न्यायच्या. दोन-तीन दिवसांच्या खर्चाचं रोख, बाकी फॉरेक्स कार्डवर, म्हणजे आधीच परदेशी पैसे भरून ठेवलेल्या कार्डावर, आणि एक आपलं नेहमीचं कार्ड वेगळ्या बॅगेत. हे नेहमीचं कार्ड परदेशात चालायला बँकेच्या अॅपमध्ये इंटरनॅशनल वापर चालू करावा लागते, रिझर्व्ह बँकेच्या 2020 च्या नियमानंतर नवीन कार्डांवर तो बंदच असतो, आणि लोकांना हे तिथे एटीएमसमोर उभं राहिल्यावर कळते. मशीन किंवा दुकानदार विचारेल, रुपयात कापू की इथल्या पैशात, तर नेहमी तिथल्याच पैशात म्हणायचं, रुपयात म्हटलं की ते आपल्या मनाचा भाव लावतात. यूपीआय यूएई, सिंगापूर, नेपाळ अशा काही ठिकाणी काही दुकानांत चालते पण त्याच्या भरवशावर राहू नका.

नवीन नोटा हातात आल्या की हॉटेलच्या खोलीत पलंगावर सगळ्या पसरवून बघायच्या, हे मी मनापासून सांगून राहिली. व्हिएतनाममध्ये सगळ्या नोटांवर हो ची मिन्हचाच चेहरा, आणि 20 हजाराची नोट निळी अन 5 लाखाचीही निळसरच. मी एका कॉफीवालीला 20 हजाराची म्हणून 5 लाखाची दिली, म्हणजे जवळपास सोळा-सतराशे रुपये. तिने नोट परत माझ्या हातात ठेवली आणि एकेका शून्यावर बोट टेकवून दाखवलं. ती बाई चांगली होती, टॅक्सीवाला तसा असेलच असं नाही, म्हणून मी तेव्हापासून मोठ्या नोटा पर्सच्या एका कप्प्यात आणि लहान दुसऱ्यात ठेवते.

फोनमध्ये दोन सिम ठेवायचे, आपलं आणि तिथलं, नाहीतर ई-सिम. आपलं बंद करायचं नाही. त्याच्यावर रोमिंग नसलं तर बँकेचा ओटीपी येत नाही आणि मग कार्ड असून उपयोग नाही. रोमिंग चालू, फक्त त्याचा डेटा बंद. पॉवर बँक हातातल्या बॅगेतच, खालच्या सामानात चालत नाही, आणि 100 वॉट-अवरच्या आतली, म्हणजे साधारण 27 हजार एमएएचच्या खालची.

आता खाण्याच्या सामानाचं, आणि इथे सगळ्या आयांनी आणि सासूबाईंनी लक्ष द्या. दुबईला जाणाऱ्या पोराच्या बॅगेत खसखस जाऊ देऊ नका. यूएईत खसखस अमली पदार्थांच्या कायद्यात येते, सिंगापूरमध्येही बंदी आहे. आपल्याकडे दिवाळीचे अनारसे म्हणजे वरून खसखस, सावजीचा मसाला असो की घरचा काळा मसाला, त्यातही कित्येक घरी खसखस भाजून टाकतात. माझ्या भावाच्या वेळी आईने मसाल्याची अर्धा किलोची पिशवी चिकटपट्टी लावून दिली होती, निघायच्या आदल्या रात्री स्वयंपाकघरातल्या ओट्यावर ती परत उघडली, तिला विचारलं यात काय-काय आहे, आणि तिने धणे, खोबरं, दगडफूल करत-करत चौथ्या-पाचव्या नंबरला खसखस म्हटलं. पिशवी घरीच राहिली. तिला वाईट वाटलं, पण तिकडच्या विमानतळावर त्याच्याऐवजी उत्तर द्यायला ती नसती. जवसाची चटणी, चिवडा, शेंगदाण्याचे लाडू हे न्या, नावाची चिठ्ठी लावून बंद पिशवीत. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या विमानात नेऊ देत नाहीत, त्यात तेल असते म्हणून पेट घेण्याचा धोका. लोणचं हातातल्या बॅगेत नाही, खालच्या सामानात. ऑस्ट्रेलियाला जाऊन राहिले तर खाण्याचं काहीही असो, फॉर्मवर आहे म्हणूनच लिहायचं. लिहिलं आणि त्यांनी काढून घेतलं तर फक्त वस्तू जाते, लपवलं आणि सापडलं तर मोठा दंड बसतो. संत्री तर कोणत्याच देशात नेऊ नका, ताजं फळ बहुतेक ठिकाणी अडवतात. त्याऐवजी बर्फी न्या, पण दुधाची मिठाई तिथे चालते का ते आधी बघा.

औषधांचंही तसंच. रोजच्या गोळ्या पाकिटासकट, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी, आणि चिठ्ठीवर कंपनीने दिलेलं नाव नको, औषधाचं मूळ नाव इंग्रजीत लिहून घ्या. रामदासपेठेतले डॉक्टर मागितलं की देतात, त्यांना हे माहीत असते. कोडीन आणि ट्रामाडोल असलेल्या गोळ्या-खोकल्याची औषधं यूएईत परवानगीशिवाय नेता येत नाहीत. जपानमध्ये सुडोएफेड्रिन जास्त असलेली सर्दीची औषधं चालत नाहीत. घरातला औषधांचा डबा जसाच्या तसा उचलून बॅगेत टाकायचा नाही.

आणि कोणाचं पार्सल घ्यायचं नाही. ओळखीच्यांनी, ओळखीच्यांच्या ओळखीच्यांनी, विमानतळावर रडत आलेल्या माणसाने, कोणीही दिलं तरी. नाही म्हणताना जीवावर येते, आपल्या लोकांना भिडेपोटी नाही म्हणता येत नाही, पण तुमच्या बॅगेत जे सापडेल ते कायद्याने तुमचंच, आणि सिंगापूर-मलेशियात अमली पदार्थांसाठी फाशीही होऊ शकते.

पोचायची वेळ दिवसाची बघा. रात्री दोनला उतरणारं विमान हजार-दीड हजाराने स्वस्त असते, पण तेवढे पैसे रात्रीच्या टॅक्सीत जातात आणि वरून जीव टांगणीला. पहिल्या दोन रात्रींचं हॉटेल पक्कं करून ठेवा, पुढचं तिथे जाऊन बघता येते. इमिग्रेशनला विचारतील किती दिवस, कुठे राहणार, परतीचं तिकीट कुठे आहे, तर जेवढं विचारलं तेवढंच सांगायचं, कागद एका फोल्डरमध्ये हातात ठेवायचे, आणि "मित्राकडे राहणार" म्हणून काहीतरी ठोकून द्यायचं नाही, ते मित्राचा नंबर मागतात.

बाया-पोरींसाठी थोडं वेगळं. रिसेप्शनवर खोलीचा नंबर मोठ्याने बोलून दाखवला तर दुसरी खोली मागा, हक्काने मागा. दाराखाली सरकवायची रबराची पाचर मिळते, वजन काही नाही, मी प्रत्येक रात्री लावते. तळमजल्याची खोली घेत नाही. कोणी विचारलं एकटीच का, तर नाही, नवरा हॉटेलमध्ये आहे. हे खोटं बोलायला मला काही वाटत नाही. बँकॉकमध्ये राजवाड्याच्या बाहेर चांगले कपडे घातलेला माणूस येऊन सांगेल आज राजवाडा बंद आहे, चला दुसरं दाखवतो, तर तो बंद नसते, तो तुम्हाला रत्नांच्या दुकानात नेते. सरळ गेटपर्यंत चालत जा आणि स्वतः बघा.

स्कूटर भाड्याने घ्यायची असेल तर पासपोर्ट गहाण ठेवू नका, रोख डिपॉझिट द्या. आणि आरटीओतून काढलेलं इंटरनॅशनल लायसन सगळीकडे चालते असं समजू नका. आपल्याकडे मिळते ते रस्ते वाहतुकीच्या 1949 च्या आंतरराष्ट्रीय कराराचं, व्हिएतनाम 1968 च्या कराराचं मानते. म्हणजे तिथे अपघात झाला तर तुम्ही विनालायसन, आणि इन्शुरन्सवाले हात वर करतात.

घरच्यांशी एक वेळ ठरवून घ्या. मी आईला रोज रात्री आपल्या नऊ वाजता मेसेज करते, व्हिएतनाम-थायलंड आपल्यापेक्षा दीड तास पुढे, जपान साडेतीन तास पुढे, दुबई दीड तास मागे, त्या हिशोबाने. नुसतं "मेसेज करीन" म्हणू नका, मेसेज नाही आला तर काय करायचं तेही लिहून द्या. माझ्या घरच्या फ्रिजवर चिठ्ठी असते, सकाळी सातपर्यंत मेसेज नाही आला तर आधी हॉटेलला फोन, हा नंबर, मग दूतावासाला, हा नंबर. त्यामुळे रात्री साडेनऊला आत्याला, मामाला, सगळ्यांना फोन जात नाहीत.

नोकरीसाठी एकटे जाणाऱ्या पोरांना हात जोडून सांगते. थायलंड, कंबोडिया, लाओस, म्यानमारमध्ये डेटा एंट्री, डिजिटल मार्केटिंगची नोकरी, पगार मोठा, इंटरव्ह्यू व्हॉट्सअॅपवर, आणि व्हिसा टुरिस्टचा, असं कोणी सांगितलं तर जाऊ नका. तिथे नेऊन पासपोर्ट काढून घेतात आणि ऑनलाइन फसवणुकीच्या कामाला बसवतात. मार्च 2025 मध्ये सरकारने थायलंडच्या मे सोतहून हवाई दलाच्या विमानांनी अशी शेकडो पोरं परत आणली. एजंट खरा आहे का हे सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर बघता येते, तिथे नाव नसलं तर पैसे देऊ नका, तो कितीही ओळखीचा असो. टुरिस्ट व्हिसावर नोकरी नसते, आधी जा मग व्हिसा बदलून देऊ म्हणणाऱ्याला तिथेच नाही म्हणा.

परत येतानाचं राहिलंच. बॅग नागपूरपर्यंत टॅग केलेली असली तरी मुंबईत किंवा दिल्लीत सहसा ती पट्ट्यावरून उचलावी लागते, कस्टममधून काढावी लागते आणि नागपूरच्या विमानासाठी परत द्यावी लागते. म्हणून मध्ये चार तास तरी ठेवा. झोपेत माणूस बॅग विसरून सरळ पुढे चालायला लागते, मी स्वतः दिल्लीत पट्ट्यापासून पन्नास पावलं पुढे जाऊन परत फिरली आहे. आणि घरी फोन मुंबई-दिल्लीला उतरल्या-उतरल्याच करा, सोनेगावची वाट बघू नका, तिकडे फ्रिजवरची चिठ्ठी अजून तशीच लागलेली असते.